दर महिन्याला किती जमेल?

आज एकोणिसावा हप्ता भरायला बँकेत गेले होते. मोबाइलवरून भरता येतो, मुलगी दर महिन्याला सांगते. पण मला स्लिपवरचा शिक्का लागतो. तो पडताना डोळ्यांनी बघितला की महिना सुरळीत सुरू झाल्यासारखा वाटतो.

रांगेत माझ्यापुढे एक मुलगा होता. सव्वीस-सत्तावीसचा असेल. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कुठल्यातरी कंपनीचा निळा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. तो हळू आवाजात काहीतरी विचारत होता. काउंटरमागच्या साहेबांनी मात्र अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं उत्तर दिलं. "तुमचं खातं एनपीए झालंय. पैसे वापरताना बरं वाटलं ना, मग भरायला काय होतंय?" एनपीए म्हणजे हप्ते थकलेलं कर्ज. सगळी रांग वळून बघायला लागली. माझ्या मागचे एक आजोबा "अंथरूण पाहून पाय पसरावेत" म्हणाले, तेही त्याला ऐकू जाईल असं. त्या पोराची मान मागून लाल होत गेली, पार कानापर्यंत.

घरी आल्यापासून कशात लक्ष नाही. म्हणून लिहिते आहे. आमचं प्रकरण इथल्या बऱ्याच जणांना माहीत नाही. आज कळू दे.

२०१८ साली आमच्या ह्यांनी दोन सेकंडहँड लेथ घेऊन जॉबवर्क सुरू केलं. पर्सनल लोन काढलं, सहकर्जदार म्हणून माझी सही. पहिली दोन वर्षं हप्ता एकदाही चुकला नाही. मग २०२०. मार्च ते ऑगस्ट हप्ता न भरण्याची सवलत मिळाली, आम्ही घेतली. व्याज थांबलेलं नाही, ते मागे साचत चाललंय, हे आमच्या नीट लक्षातच आलं नाही. काम परत सुरू झालं ते निम्म्यावर. मग घरखर्च क्रेडिट कार्डावर, कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डातून. हो, त्याच कार्डावर आम्ही फ्रिजही घेतला होता. ती चूक आमचीच.

त्यानंतरच्या दोन वर्षांत मला किती जणांनी किती प्रश्न विचारले! कधी भरता? का घेतलंत एवढं? दागिने नाहीत का? माहेरचं कोणी नाही का? वसुलीवाल्यांचे फोन सकाळी सातलाच सुरू व्हायचे. सासरे हॉलमध्ये पेपर वाचत बसलेले असायचे, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन तांदळाच्या डब्यात ठेवायचे. झाकण लावलं तरी तांदळातून तो थरथरायचा. आजही तो डबा उघडताना माझा हात क्षणभर थांबतो.

मग लोकअदालतीची, म्हणजे तडजोडीने प्रकरण मिटवणाऱ्या अदालतीची, नोटीस आली. दाखलपूर्व प्रकरण, असं वर लिहिलेलं, म्हणजे खटला अजून दाखल झालेला नव्हता. ह्यांनी ती वाचली आणि दोन दिवस जेवले नाहीत. आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं.

सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात आम्ही गेलो तेव्हा व्हरांड्यात जत्रेसारखी गर्दी होती. टेबलं लावलेली, प्रत्येक टेबलावर बँकेचा माणूस याद्या घेऊन बसलेला. आमचा नंबर दुपारी अडीचला आला. पॅनलवर एक न्यायाधीश मॅडम आणि एक वकील. बँकेचा अधिकारी म्हणाला, दंड-व्याजासकट चार लाख दहा हजार होतात, एकरकमी भरत असाल तर सूट बघू. आम्ही दोघं खाली मान घालून गप्प. मॅडमनी पेन बंद करून टेबलावर ठेवलं आणि ह्यांच्याकडे बघून विचारलं, "दर महिन्याला किती जमेल?"

अडीच वर्षांत हा प्रश्न आम्हाला पहिल्यांदा कोणीतरी विचारला होता.

ह्यांनी पटकन सांगितलं, वीस हजार. मॅडम म्हणाल्या, "शरमेपोटी सांगू नका. घरभाडं, मुलीची फी, आईवडिलांची औषधं धरून सांगा." मी पर्समधून हिशेबाची वही काढली. मागच्या चार महिन्यांचा किराणा, दूध, गॅस, सगळं लिहिलेलं होतं. तिथेच बेरीज केली आणि म्हटलं, बारा. मॅडमनी वही स्वतःकडे ओढून बघितली, बँकवाल्याकडे सरकवली. अर्धा तास पुढेमागे झालं. शेवटी दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार, बारा हजारांचे चोवीस हप्ते. सह्या केल्या. बाहेर येऊन ह्यांनी चहा मागवला आणि तो तसाच हातात धरून रडले. लग्नाला एकवीस वर्षं झाली, मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

आता मला राग येतो तो ह्याचा. ही सोय काही चोरवाट नाही. लोकअदालत १९८७ च्या कायद्याने उभी आहे. तिथल्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची किंमत आहे, त्यावर अपील नाही. म्हणजे आम्ही हात वर केलेले नाहीत, उलट सही करून बांधून घेतलंय. हप्ता चुकला तर बँक त्याच कागदावर वसुली लावू शकते. आणि तरी आमच्याच नात्यातले एक काका परवा एका बारशात म्हणाले, "आजकाल काय, कोर्टात जायचं आणि सेटलमेंट करून मोकळं व्हायचं." मोकळं? चोवीस महिने दर पाच तारखेला पोटात गोळा येतो, त्याला मोकळं म्हणतात?

हो, मुद्दाम बुडवणारे असतात. आहेत. पण ते प्लास्टिकची फाइल घेऊन रांगेत उभे राहत नाहीत.

कीर्तनात आपण ऐकतो की तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. डोळे पुसतो आपण. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, हे शाळेत मुलांकडून पाठ करून घेतो. आणि शेजारच्या बिऱ्हाडात वसुलीवाला आला की दाराच्या फटीतून बघतो. आमच्या मजल्यावर बघितलंय मी. माझ्या पाठीवर त्या नजरा मी वागवल्यात. कंपनी बुडाली तर तिच्यासाठी २०१६ चा नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, कायदा आहे. साध्या माणसाचा भाग त्या कायद्यात लिहून ठेवलाय, पण अजून लागू केलेला नाही. नाशिकच्या माणसाला नादार म्हणून कोर्टात जायचं तर आजही १९२० चा, इंग्रजांच्या वेळचा कायदा. ह्यावर कोणी बोलत नाही. अंथरूण आणि पाय मात्र सगळ्यांना ठाऊक.

जाऊ दे. चिडून लिहिते आहे, कळतंय मला.

ज्यांच्या घरात आत्ता फोन डब्यात जातोय त्यांच्यासाठी, आम्ही ठेच खाऊन जे शिकलो ते सांगते. माझं पगाराचं खातं कर्जाच्याच बँकेत होतं. एका महिन्यात पगार सकाळी जमा झाला आणि दुपारपर्यंत कर्जात वळता झाला. भाडं द्यायला पैसे नाहीत. दुसऱ्याच दिवशी मी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं, ते वर्षभर आधी करायला हवं होतं. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज चाललं होतं. ते आधी संपवलं, माझ्या पाटल्या मोडून. सराफाकडे ह्यांना नेलं नाही, एकटी गेले. पाटल्या तराजूत ठेवल्यावर हात हलका लागला, अजून लागतो. पण ते ४२ टक्के थांबले.

फोनचं म्हणाल तर वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. धमकी द्यायची, नातेवाइकांना सांगत सुटायचं, हेही चालत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फुकट. मी वेळा लिहून ठेवून एकदा तक्रार केली, त्यानंतर सातचे फोन बंद झाले. "पोलीस येतील" म्हणायचे. नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलीस येत नाहीत, ते दिवाणी प्रकरण असतं. पण आपण दिलेला चेक वटला नाही तर कलम १३८ लागतं आणि तो गुन्हा असतो. म्हणून खात्यात पैसे नसताना कोणालाही चेक देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. एजंटच्या हातात रोख तर कधीच देऊ नका.

तडजोड झाली तरी बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, हप्ते, तारखा आल्याशिवाय एक रुपया भरायचा नाही. आमचे शेवटचे पाच हप्ते राहिलेत. ते झाले की नो ड्यूज सर्टिफिकेट घ्यायचं, सुरुवातीला दिलेले कोरे चेक परत मागायचे, सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, काय चढलंय ते बघायचं. वर्षातून एकदा तो रिपोर्ट फुकट मिळतो. आमच्या नावापुढे तिथे 'सेटल्ड' (कमी रकमेत मिटवलं) येणार, 'क्लोज्ड' (पूर्ण फेडलं) नाही. पुढची बरीच वर्षं कोणी नवं कर्ज सहज देणार नाही. हे नुकसान खरं आहे, मी लपवत नाही. ज्याला पूर्ण भरणं शक्य आहे त्याने मुदत वाढवून घ्यावी, हप्ता कमी करून घ्यावा, पण पूर्ण भरावं. आम्हाला शक्य नव्हतं.

आणि वीस सांगू नका. पुन्हा तेच सांगते, कारण सगळं तिथेच अडकतं. त्या टेबलावर ह्यांचे वीस लिहिले गेले असते तर तिसऱ्या महिन्यात आम्ही परत थकलो असतो, ह्या खेपेला हुकूमनाम्यासकट. माणूस शरमेपोटी जमणार नाही ते कबूल करून बसतो. वही बरोबर न्या.

घरात सांगणं सगळ्यात अवघड गेलं. सासूबाईंपासून आम्ही दोन वर्षं लपवलं. सह्या झाल्या त्या रात्री ह्यांनी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढंच ना? मला वाटलं तुला काही मोठा आजार झालाय आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय." दोन वर्षं त्या माउलीने रोज देवापुढे काय मागितलं असेल! आत गेल्या आणि कापडी बटवा घेऊन आल्या. तीन हजार चारशे रुपये होते. ते आम्ही घेतले. पहिल्या हप्त्यात ते आहेत.

मुलीलाही सांगितलं. तेव्हा नववीत होती. तिने त्या वर्षी सहलीचा फॉर्म स्वतःच परत दिला आणि आम्हाला कळूही दिलं नाही. ते कळलं त्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. पण आता ती दर पाच तारखेला स्लिप मागून घेते आणि वहीत चिकटवते. फोन टेबलावर असतो. वाजला तर कोणीही उचलतं.

तर आज. माझा शिक्का पडल्यावर बाहेर आले तर तो मुलगा बँकेच्या जिन्याखाली उभा. फाइल छातीशी धरून, कुठे जायचं हेच न कळल्यासारखा. मी जवळ गेले. आधी तो घाबरला, त्याला वाटलं मी बँकेतलीच आहे. मी माझी स्लिप त्याला दाखवली. एकोणीस, असं वर पेनाने लिहिलेलं असतं माझ्या हातचं. बराच वेळ बघत राहिला. वडिलांच्या ऑपरेशनसाठी घेतलेलं कर्ज, म्हणाला. वडील गेले. हप्ता राहिला.

मी त्याला विचारलं, "दर महिन्याला किती जमेल?"

तो बोटं मोजायला लागला. खोलीभाडं, आईला गावी पाठवायचे, बसचा पास. "साडेसहा, काकू," म्हणाला. मग, "सात करतो." मी म्हटलं, साडेसहाच.

सोमवारी अकरा वाजता त्याला कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात घेऊन जाते आहे. कर्जात आईचीही सही आहे. बाईला उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो, मलाही तिथूनच मिळाला होता. आईला घेऊन ये म्हटलंय. आणि एक वही.