न लागलेल्या कॉलचं बिल

८७ रुपये ३२ पैसे. काल संध्याकाळी एका पतसंस्थेने माझ्या बिलातून एवढे कापून घेतले आणि व्हाउचरवर कारण लिहिलं, 'परदेशी फोन कॉल, जीएसटीसह'. आता मी परदेशात कोणाला फोन करणार? परदेशात माझा एकच माणूस, मस्कतचा मेव्हणा, आणि त्याच्याशी बोलायला कोणी उलट मला पैसे दिले तरी मी दोनदा विचार करेन. बरं, फोन झाला असता तर गोष्ट वेगळी. फोन झालाच नाही. जे काही झालं ते टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झालं, मध्ये फक्त चहाचा कप होता, आणि तोही माझा नव्हता.

माझं कुडाळात दुकान आहे. कॅमेरे, इन्व्हर्टर, अलार्म असलं सगळं. पतसंस्था वेंगुर्ल्याच्या रस्त्याला आत एका गावात. तिथे भिंतीवर जुनं अलार्म पॅनेल आहे, दाराला मॅग्नेट, तिजोरीच्या खोलीत मोशन सेन्सर, कॅशियरच्या टेबलाखाली पॅनिक बटण. चोर शिरला की पॅनेल स्वतः फोनची लाईन पकडतं, मुंबईच्या कंट्रोल रूमचा नंबर फिरवतं, तिकडे रिसीव्हर नावाचं मशीन फोन उचलतं आणि पॅनेल त्याला काय झालं ते आकड्यांत सांगतं. हे चालतंय असा रिपोर्ट दरवर्षी इन्शुरन्ससाठी लागतो. रिपोर्ट लागतो, पॅनेल चाललंच पाहिजे असं काही नाही, हे मला उशिरा कळलं.

लँडलाइन गेल्या पावसात खांब पडल्यापासून मेलेली. आणि जिवंत असती तरी मी 'दरोडा पडला' म्हणून मुंबईला दिवसभर खोटे निरोप पाठवत बसलो असतो का? म्हणून मी सिम्युलेटर नेतो. साधा डबा आहे. एका अंगाने तो टेलिफोन एक्सचेंज होतो, म्हणजे ४८ व्होल्ट देतो, डायल टोन देतो, नंबर ऐकून घेतो, रिंग मारतो. दुसऱ्या अंगाने तोच कंट्रोल रूमचा रिसीव्हर होतो. पॅनेलला वाटतं आपण मुंबईशी बोलतोय. झालं, काम एवढंच. एका तासाचं.

पण बाकावर तात्या बसले होते.

तात्या टेलिफोन खात्यातून लाईनमन म्हणून रिटायर झालेत. रोज पतसंस्थेत पंखा आणि पेपर फुकट असतो म्हणून येतात, व्यवहार काही नाही. मी डबा उघडला, वायरी जोडल्या, स्पीकर चालू केला (माझ्या डब्याला स्पीकर आहे, गिऱ्हाइकाला ऐकू आलं म्हणजे बिल द्यायला बरं वाटतं असा माझा समज होता) आणि डायल टोन वाजला. तात्यांनी पेपर खाली ठेवला.

"लायन तर मेलेली आसा. मगे ह्यो टोन खयसून इलो?"

म्हटलं, "तात्या, हा डब्यातला आहे. खोटा."

ते उठून जवळ आले, कान स्पीकरला लावला, डोळे मिटले. आणि म्हणाले, "ह्यो आपलो टोन न्हय. आपलो टोन घुरता, म्हाताऱ्या बोक्यासारको. ह्यो गाता. ह्यो भायलो टोन."

खरं सांगतो, इथे मी मनातून हात जोडले. माझा डबा अमेरिकन सेटिंगवर होता. तिकडचा डायल टोन म्हणजे ३५० आणि ४४० हर्ट्झचे दोन सूर एकत्र, एकदम गुळगुळीत. आपल्याकडचा ४०० हर्ट्झचा आणि त्याला २५ ची थरथर, म्हणून तो गुरगुरतो. हे मी पुस्तकात वाचलेलं, आणि हा माणूस नुसत्या कानाने सांगत होता. मी कौतुकाने म्हणून गेलो, "बरोबर तात्या, अमेरिकेचा आहे." तात्यांनी मॅनेजरकडे अशी मान हलवली की जणू मी कबुलीजबाब दिला.

मग मी मेन दाराचा मॅग्नेट उघडला. पॅनेलने लाईन पकडली आणि नंबर फिरवायला सुरुवात केली. तात्या बोटावर मोजत होते. "शून्य... दोन... दोन... मुंबय लागली!" बीप ऐकून आकडे ओळखणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आमच्या कॉलेजला हे शिकवणारे सर होते त्यांना स्वतःला जमत नव्हतं. पण खरी गंमत पुढे. डब्याने रिसीव्हर बनून फोन उचलला, १४०० आणि २३०० हर्ट्झचे दोन तुकडे टाकले, म्हणजे 'बोल बाबा, ऐकतोय', आणि पॅनेलने एका दमात सोळा आकडे ओतले. कॉन्टॅक्ट आयडी नावाची पद्धत आहे, त्यात चार आकडे खात्याचे, मग अठरा हा ठरलेला आकडा, मग नवीन घटना का पूर्ववत झालं त्याचा एक, मग घटनेचा कोड, मग विभाग, झोन (म्हणजे कुठला सेन्सर) आणि शेवटी एक पडताळणीचा. सगळं दीड-दोन सेकंदात. किर्रकिर्र होतं आणि संपतं.

तात्या गंभीर झाले. "इतके आकडे मुंबयक लागनत नाय. मुंबयच्या पुढे गेलो ह्यो. दुबय नायतर मस्कत."

मस्कत शब्द ऐकून माझ्या पोटात उगाच गोळा आला.

मॅनेजर आतापर्यंत शांत होते. चांगला माणूस, पण ऑडिटला इतका घाबरलेला की चहात साखर किती घातली त्याचीही नोंद ठेवेल. ते माझ्या डिस्प्लेवर वाकले. "हे खाते नंबरच्या पुढे अठरा काय आहे?" मी म्हटलं ते ठरलेलं असतं, दर निरोपात येतं. "म्हणजे जीएसटी," ते म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतलं.

मग त्यांना शेवटचा आकडा कशाचा ते हवं होतं. मी हौसेने समजावलं, की सगळे आकडे बेरजेला धरायचे, शून्य आला तर तो दहा धरायचा, आणि एकूण बेरजेला पंधराने पूर्ण भाग गेला पाहिजे, म्हणजे वाटेत काही गडबड झाली नाही हे रिसीव्हरला कळतं. "शून्याला दहा धरायचे?" मॅनेजरांचा चेहरा पांढरा पडला. "अहो आमच्याकडे असं कोणी धरलं तर आत जातो." एवढ्यात खिडकीवर पासबुक घेऊन उभी असलेली एक काकी म्हणाली, "माज्या खात्यात शून्य आसा, तेचे धा धरा मगे." सगळे तिच्यावर हसले. मला वाटतं तिने ते अर्धं खरंच म्हटलं होतं.

इथे जरा विषय सोडून सांगतो. लोकांना वाटतं अलार्मचं काम म्हणजे चोरांचं काम. कोकणात ते पालींचं काम आहे. पॅनेल उघडलं की आत पालीची अंडी, रिलेच्या कॉन्टॅक्टला मुंग्या, आणि खाऱ्या वाऱ्याने हिरवे पडलेले स्क्रू. मे महिन्यात वळवाची वीज कडाडली की फोनच्या तारेतून येऊन पहिला बळी पॅनेलच्या लाईनच्या भागाचा. आतली ७ एएचची बॅटरी तीन-चार वर्षांत फुगते, ती कोणी बदलत नाही, पण चांगली असेपर्यंत गणपतीत मखराच्या लायटिंगला काढून नेतात आणि अनंत चतुर्दशीनंतर परत आणायची आठवण कोणाला नसते. या पतसंस्थेत तर पॅनेलच्या वरच्या कडेवर आंब्याच्या पेटीतलं गवत वाळत घातलं होतं. का, ते विचारू नका, मी विचारलं नाही.

तर तात्या. त्यांना आता खात्री करून घ्यायची होती. लाईनमनची जुनी पद्धत, ओल्या बोटाने तार चाचपायची, ४८ व्होल्ट असले तर किंचित झिणझिण होते. त्यांनी बोट जिभेला लावलं आणि माझ्या मोकळ्या ठेवलेल्या दुसऱ्या जोडीच्या तारांवर ठेवलं. मी "तात्या, नको" म्हणायच्या आत मॅनेजरांनी, 'हे बटण कशाचं?' असं म्हणत, रिंगचं बटण दाबलं. रिंग म्हणजे ७५ व्होल्ट एसी. तात्या एक फूट मागे उडाले, चष्मा बाकाखाली गेला, काकीने "अगो बाय माझे!" केलं. मला वाटलं आता हे प्रकरण माझ्यावर शेकणार.

तात्या उठले. चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या नातवाच्या बारशालासुद्धा पाहिला नव्हता.

"ही खरी लायन! खोटी लायन चावता काय?"

झालं. यापुढे माझं कोणी ऐकलं नाही. मी डब्याची सगळी टोकं दाखवली, बघा, एक वायर पॅनेलला, एक प्लगला, बाहेर काही जात नाही. मॅनेजर म्हणाले, "प्लगची वायर बाहेरच जाते ना पण." मी प्लग काढून डबा त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवून दाखवला. टोन तसाच. तात्यांनी अनुभवाच्या उंचीवरून माझ्याकडे बघितलं. "झिला, आता सगळा हवेतनाच जाता." याला उत्तर असेल तर मला कळवा. मी कालपासून शोधतोय.

मग मी एकेक झोन तपासत गेलो आणि दर वेळी तात्या वहीत रेघ मारत गेले. पॅनिक बटण, १२० नंबरचा कोड, एक रेघ. लाइट घालवून ३०१, एक रेघ. लाइट परत आल्याचा निरोप वेगळा जातो, त्याची वेगळी रेघ, "येणां-जाणां दोनूय धरूक होयां". एकदा मी मुद्दाम रिसीव्हरचा शेवटचा पोचपावतीचा सूर बंद ठेवला, कारण पोच मिळाली नाही तर पॅनेल पुन्हा फोन लावतं की नाही हेही बघायचं असतं. पॅनेल शहाण्यासारखं पुन्हा पुन्हा लावत राहिलं. तात्यांची पेन्सिल थांबेना. "लागलो नाय तरी पल्स पडता, एसटीडी बूथवाल्यांका विचार." (पल्स म्हणजे बिलाच्या मीटरचा एक आकडा.) यावर मग एसटीडी बूथचं पुराण निघालं, रात्री दर उतरल्यावर लागणाऱ्या रांगा, चाकरमान्यांच्या आयांनी काचेच्या खोलीत रडणं, मीटर पळताना बघून निम्मं वाक्य गिळणं. ऐकायला छान होतं, नाही म्हणत नाही. पण माझा दर तासाचा आहे आणि तो तास कधीच संपला होता.

शेवटी तात्यांनी त्यांच्या काळातल्या दराने हिशोब मांडला, ७४ रुपये. मॅनेजरांनी डिस्प्लेवरच्या अठराकडे बघितलं आणि कॅल्क्युलेटरवर १३ रुपये ३२ पैसे जोडले. माझ्या सहीच्या बिलातून, माझ्या समोर. मी म्हटलं साहेब, हे कॉल कुठल्या कंपनीच्या बिलात येणार ते तरी दाखवा. ते म्हणाले, "बिल आलं नाही तर पुढच्या वर्षी तुम्हाला जमा करू." पैशाचं जाऊ दे. मला राग याचा आहे की अख्ख्या दुपारी एकाने, एकानेही, विचारलं नाही की चोर आला तर काय होईल.

म्हणून मीच सांगितलं. म्हटलं, पॅनेल उत्तम आहे, पास आहे, पण लाईन मेलेली आहे म्हणजे ते कोणालाच फोन करू शकत नाही. सिम कार्डवाला कम्युनिकेटर बसवा, रेंज गच्चीवर टाकीजवळ येते तर अँटेना तिथे नेऊ, जास्त खर्च नाही. मॅनेजरांनी "पुढच्या मीटिंगला ठेवू" असं म्हटलं. आमच्या धंद्यात हे वाक्य ऐकलं की कोटेशन टाइप करायचे कष्ट घेऊ नयेत. रिपोर्टवर तेवढं 'लाईन बंद' लिहू नका, वेगळ्या कागदावर द्या, असंही सुचवलं. मी रिपोर्टवरच लिहिलं, लाल शाईने. तो कागद फाइलच्या तळाशी जाईल हे मला माहीत आहे, पण माझ्याकडे कार्बन कॉपी आहे.

मी आवराआवर सुरू केली. डब्याची वायर काढल्याबरोबर पॅनेल बीप करायला लागलं. लाईनवरचा व्होल्टेज गेला की ते ओरडतं, तसंच बनवलेलं असतं. म्हणजे खांब पडल्यापासून ते ओरडतच होतं, फक्त बझरवर सेलोटेप होती, जी मी आल्या आल्या काढली होती.

"अरे, मघाशी तर बंद झालेलं," मॅनेजर म्हणाले. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "तुमचा डबा इथेच राहू द्या ना. भाडं देऊ. महिना ५० रुपये."

मी समजावलं, की साहेब, मग चोर येईल, पॅनेल डब्याला फोन करेल, डबा म्हणेल ठीक आहे कळलं, पॅनेल गप्प बसेल, आणि जगात कोणालाही काहीही कळणार नाही.

मॅनेजर विचारात पडले. "पण मग बीप येणार नाही ना?"

मी डबा बॅगेत घातला. शिपाई सेलोटेप घेऊन स्टुलावर चढला. बाकावरून तात्यांनी तोंडासमोरचा पेपर न काढता सूचना केली, "दोन पट्टे मार रे मेल्या, मिरग तोंडार इलो, एक सुटात."