पानाची डावी बाजू

पानात मान असतो उजव्या बाजूला आणि काम असतं डाव्या बाजूला. उजवीकडच्या बटाट्याच्या भाजीला ‘वा’ म्हणणारी माणसं डावीकडची कोशिंबीर बोटाच्या टोकावर घेऊन चाटतात आणि पुढच्या पुरीकडे वळतात. पुरणपोळी जमली की चार घरांत चर्चा होते. पण ‘काय रायतं होतं हो त्यांच्याकडे!’ असं म्हणत रिक्षात बसणारा पाहुणा अजून जन्माला यायचाय. म्हणून डावी बाजू मोकळी ठेवावी म्हटलं तर तेही चालत नाही. माझे सासरे पान वाढून झालं तरी हात पुढे करत नाहीत. मीठ आणि लिंबाच्या फोडीशेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहत बसून राहतात.

आमच्याकडे केळवण ठरलं की मोठ्या जाऊबाई फोनवर कामं वाटतात. मसालेभात त्यांचा, भाजी-पुरी धाकटीची, गोडाचं बाहेरून. माझ्या वाट्याला फळांचं रायतं. “तुला कॉलेज असतं गं, तू आपलं सोपं काहीतरी घे. फळं चिरायची आणि दह्यात ढकलायची.” हे त्या अगदी मनापासून माझ्या सोयीसाठी म्हणतात, त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

यंदा जानेवारीत भाच्याचं केळवण होतं. पुण्यात जानेवारीत दही लागत नाही. दूध कोमट करून विरजण लावलं, पातेलं शालीत गुंडाळलं आणि तांदळाच्या डब्यात रुतवून ठेवलं. सकाळी उघडलं तर दूध ढिम्म. जिवाणूंना चाळिसेक अंशांची ऊब लागते आणि आमच्या स्वयंपाकघरात रात्री पंधराच्या वर पारा जात नव्हता. त्यात बिचाऱ्या शालीचा काय दोष? मग विकतचं दही आलं. ते पातळ, म्हणून मलमलच्या फडक्यात बांधून नळाला टांगलं. पूर्ण टांगलं तर चक्का होतो आणि घरातले श्रीखंडाची स्वप्नं बघायला लागतात. अर्धवट टांगायचं असतं. तेवढ्या वेळात नळ कुणी वापरायचा नाही, हे मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी येऊन गाठोडं बाजूला सरकवून हात धुतले.

फळांच्या बाबतीत मात्र मी तडजोड करत नाही. केळी जळगावची, डाळिंब सोलापूरचं, द्राक्षं नाशिकची. तिघांनाही भौगोलिक मानांकन आहे. केळ्याला आणि डाळिंबाला तर एकाच साली, २०१६ मध्ये मिळालं. एवढी सरकारमान्य मंडळी एका पातेल्यात बसवायची आणि वर त्याला ‘सोपं’ म्हणायचं. डाळिंब सोलणं हे तर सरळसरळ शिक्षेचं काम आहे. दाणा आणि दाणा सुटा हवा, मधला पिवळा पापुद्रा एकही नको, आणि सोलणाऱ्याच्या अंगावर पांढरा कुर्ता असेल तर डाळिंबाला ते बरोबर कळतं. द्राक्षं उभी अर्धी करायची. अख्खी घातली की चमच्यातून निसटतात, आणि पंगतीत एखाद्या काकांचं द्राक्ष घरंगळत शेजारच्या पानात गेलं की पुढचे दोन वाढप होईस्तोवर तोच विषय पुरतो.

खरा प्रश्न अननसाचा होता. सासूबाईंना अननस हवाच होता, तोही ताजा. “डब्यातला नको. पाकातला असतो, त्याला काय चव?”

“अहो आई, ताजा कच्चा घातला तर दही कडू होतं.”

“अननस कडू? मला सांगतेस?”

मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. या विषयाचा घरात आजवर झालेला उपयोग म्हणजे चांदीची भांडी उजळणे. त्यामुळे संधी साधून मी सांगितलं, की अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं, दह्यातल्या केसीनचे तुकडे करतं आणि त्यातले काही तुकडे कडू लागतात. अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते, त्यातही त्याचा हात असतो. डब्यातला अननस आधीच तापवलेला असल्यानं निरुपद्रवी. ताजा हवा असेल तर साखर घालून पाचेक मिनिटं उकळायचा, गार करायचा, मग दह्यात. पपई आणि किवी हेही त्याच टोळीतले.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “आमच्या वेळी असलं काही नव्हतं.”

ब्रोमेलेन तेव्हाही होतं, घरात अननस येत नव्हता, हे मी मनात म्हटलं. मग त्यांनी शेजारच्या मल्याळी काकूंना हाक मारली. काकूंनी दारातूनच सांगितलं, की ओणमच्या सद्येत, म्हणजे सणाच्या पंगतीत, त्यांच्याकडे अननसाची पचडी असते. अननस आधी शिजवतात, मग वाटलेलं खोबरं-मोहरी आणि शेवटी दही. कच्चा? छे, कच्चा कुणी घालत नाही. “बघ,” सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “शिजवून घालायचा असतो. शिकून घे.”

शिकून घेतलं.

मग मोहरी. आमच्याकडच्या रायत्याला मोहरी फेसूनच लागते. फोडणी घातली तर सासरे चमचा खाली ठेवतात. अख्ख्या मोहरीला झणका नसतो. तो दाणा ठेचून त्याला पाणी लागल्यावर तयार होतो, आणि पाणी गारच लागतं; गरम पाण्यानं झणका देणारं विकरच मरतं. खलबत्त्यात मोहरी, चिमूटभर साखर, थेंब थेंब पाणी आणि घोटत राहायचं. नाकात गेली आणि डोळ्यांत पाणी आलं की फेसली. नेमके त्याच वेळी भाच्याकडचे लवकर आलेले पाहुणे स्वयंपाकघरात डोकावले. डोळे पुसणारी मी आणि बाजूला उभ्या सासूबाई, असं दृश्य त्यांनी पाहिलं आणि ते पाय न वाजवता बाहेर गेले. रात्री निघताना त्यांच्यातल्या एका मावशींनी माझा हात दाबून “होईल सगळं नीट,” असं म्हटलं, तेव्हा मला उलगडा झाला.

रायत्याची खरी गोम वेळेत आहे. फळांना मीठ-साखर लागली की पाणी सुटतं. केळं आधी चिरून ठेवलं तर काळं पडतं. म्हणजे सगळं तयार ठेवायचं आणि पानं मांडल्यावरच एकत्र करायचं. आणि पानं मांडल्यावर घरातल्या प्रत्येकाला मीच हवी असते. समई कुठंय, पाट कमी पडले, अहेराचं पाकीट तू ठेवलंस ना, आणि नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारतो, “काही मदत हवीय का?” हा प्रश्न विचारताना तो फ्रीजसमोर उभा असतो आणि दही फ्रीजमध्ये असतं.

कालवलं, आणि चव बघणारे जमले. रायत्याची चव घ्यायला कुणालाही अधिकार लागत नाही. मसालेभाताच्या पातेल्यात बोट घालायची आमच्या घरात कुणाची हिंमत नाही, पण रायत्यात येणारा-जाणारा चमचा बुडवतो. सासूबाई म्हणाल्या, साखर कमी आहे. त्यांनी घातली. पाहुणी म्हणून आलेली नणंद म्हणाली, “वहिनी, गोड फार झालंय, मी साखर सोडलीय ना.” तिनं मीठ घातलं. धाकटीनं मिरपूड घातली, तिला कुणी विचारलंही नव्हतं. मोठ्या जाऊबाईंनी दोन चमचे खाऊन विचार केला, तिसरा खाल्ला, आणि “फळं कमी वाटतायत,” म्हणाल्या. तीन चमच्यांपूर्वी ती बऱ्यापैकी होती.

पंगत बसली. नवरदेवाच्या आईनं सांगितलं, लग्न आठ दिवसांवर आलंय, घसा धरेल, त्याला दही नको. चुलत सासऱ्यांनी वाटीवर हात आडवा धरला. “रात्री दही खाऊ नये, चरकानं सांगून ठेवलंय.” हे खरंच आहे, पण त्यांनी मठ्ठ्याचे दोन पेले घेतले ते चरकाच्या लक्षात आलं नसावं. होणारी सून लाजून एक चमचा म्हणाली आणि तिला खरोखरच एक चमचा वाढला गेला. मुलांनी डाळिंबाचे दाणे तेवढे वेचून खाल्ले. मावशींनी मात्र वाटीभर मागून घेतलं. पण त्यांना माझी कीव आली होती, ते मत मी धरत नाही.

मोठं पातेलं उरलं. सकाळपर्यंत त्यात फळांच्या रसाचा तलाव झाला होता. मी ते मोरीत ओतायला निघाले तर सासूबाईंनी हातातून काढून घेतलं. त्यात रवा कालवला, गूळ किसला, अर्धा तास झाकून ठेवलं आणि आप्प्यांचे घाणे काढले. बाहेरून खरपूस, आत केळं-अननस, आणि मागून हळूच नाकात चढणारी मोहरी. राहायला थांबलेल्या मुलांनी उभ्याउभ्याच फन्ना उडवला. नवऱ्यानं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं : ‘आईचे फळांचे आप्पे’. दुपारपर्यंत कोल्हापूर, नाशिक आणि न्यू जर्सीहून कृती मागणारे निरोप आले. संध्याकाळी मोठ्या जाऊबाईंचा फोन आला.

“पुढच्या महिन्यात अजून एक केळवण आहे, तेव्हा हे आप्पेच ठेवू. आई करणार आहेत. तू फक्त आदल्या दिवशी रायतं करून दे. आणि ऐक ना, या वेळी चांगलं दोन पातेली कर. उरायला हवं.”