तिसरी रेघ

गोवा विधानसभेचं अधिवेशन सुरू झालं की आमच्या घरात टीव्हीचा रिमोट बाबांच्या ताब्यात जातो. बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर, उभी नोकरी सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतल्या वाड्यांवर झालेली. लोक क्रिकेट बघतात तसा हा माणूस प्रश्नोत्तराचा तास बघतो. मांडीवर जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू, हातात पेन्सिल. प्रश्न पुकारला की एक रेघ. मंत्र्याने उत्तर दिलं की दुसरी. तिसरी रेघ उपप्रश्नाची, आणि ती मारायची वेळ फारशी येत नाही म्हणून यांची चिडचिड. "अरे, उत्तर तर छापूनच दिलंय तुझ्या हातात. पुढचं विचार!"

ही पोस्ट त्या 'पुढच्या'बद्दल आहे. लांबलेली आहे, आधीच सांगून ठेवतो.

सभागृहात चाळीस आमदार. २०२२ च्या निवडणुकीत काँग्रेसचे अकरा निवडून आले, त्याच सप्टेंबरात त्यातले आठ भाजपात गेले. राहिले तीन. त्यात 'आप'चे दोन, गोवा फॉरवर्डचे विजय सरदेसाई आणि आरजीचे (रिव्होल्युशनरी गोवन्स) वीरेश बोरकर मिळवा. विरोधी पक्षनेते युरी आलेमाव धरून सात झाले. सगळा विरोधी पक्ष एका इनोव्हात बसून पर्वरीला विधानसभेत जाऊ शकतो. म्हणून कुणी 'हे नुसते बोंबलतात' म्हणून त्यांची टिंगल केली की मला पटत नाही. त्यातून शिक्षण खातं स्वतः मुख्यमंत्री सावंतांकडे. शाळेच्या गळक्या कौलाबद्दल विचारायचं झालं तरी थेट मुख्यमंत्र्यांसमोर उभं राहायचं, आणि त्यांच्या मागे भरलेली बाकं. सोपं नाही ते.

पण मग मिळालेल्या वेळात होतं काय? एकशिक्षकी शाळांचा विषय निघाला की खेळ ठरलेला. आमदार आकडा विचारतो. आकडा मिळतो. आमदार म्हणतो, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. समोरून येतं, तुमच्या काळात काय दिवे लावले होते? दोन्ही बाजू उभ्या राहतात, सभापती 'बसा, बसा' म्हणतात, आणि घड्याळ कुणासाठी थांबत नाही. संध्याकाळी त्या 'लाजिरवाणी'ची तीस सेकंदांची रील आपल्या मोबाइलवर येते. आपण लाइक करतो. आकडा तिथेच राहतो.

आता जरा माझ्या शाळेत या. नाव लिहीत नाही. तिथल्या बाईंना उगाच त्रास नको. गेल्या पावसात गेलो होतो. नऊ मुलं, चार इयत्ता, एक बाई. फळ्यावर खडूने उभ्या तीन रेघा मारून चार भाग केलेले, वर लिहिलेलं: पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पहिलीच्या भागात 'कमळ', चौथीच्या भागात भागाकार. बाई पहिलीच्या मुलीचा हात धरून अक्षर गिरवून घेत होत्या आणि मान वळवून चौथीच्या मुलाला "बाकी किती उरली?" विचारत होत्या. तेवढ्यात फोन वाजला, कसली तरी माहिती आजच्या आज ऑनलाइन भरायची होती. मग बचत गटातली बाई माध्यान्ह आहाराचा पाव-भाजीचा डबा घेऊन आली, नऊ पाव मोजून ठेवले. बिल कधी मिळालं म्हणून मी सहज विचारलं, तर ती नुसती हसली. वहीत मुलांची सही घेण्याऐवजी बाईंनी स्वतःच नोंद केली आणि पुन्हा फळ्याकडे वळल्या.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग यात विचारण्यासारखं किती आहे बघ."

खरंच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या परिशिष्टात स्वच्छ लिहिलंय, प्राथमिकला साठपर्यंत मुलं असली तरी शिक्षक दोन. म्हणजे नऊ मुलांनाही दोन. त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शाळेबाहेरच्या कामाला लावायचं नाही. तेव्हा 'एकशिक्षकी शाळा किती' हा झाला पहिला प्रश्न. दुसरा, त्या शाळांतले शिक्षक गेल्या वर्षी मतदारयादीच्या आणि बैठकांच्या कामासाठी किती दिवस बाहेर होते, तालुकावार द्या. आणि तिसरा, ज्या दिवशी बाई बाहेर त्या दिवशी शाळा कुणी उघडली? हा तिसरा विचारला ना, की मागच्या गॅलरीत बसलेल्या अधिकाऱ्यांच्या चिठ्ठ्या सुरू होतील. भाषणाने चिठ्ठ्या सुरू होत नाहीत.

बालरथाचंही, म्हणजे मुलांना शाळेत ने-आण करणाऱ्या बसच्या सरकारी योजनेचंही, तसंच. योजना चांगली, मी तिच्या विरोधात नाही, माझीच भाची त्या बसने जाते. पण बालरथ मिळतो अनुदानित शाळांना. दारात पिवळी बस येते, युनिफॉर्म नीटनेटका, आणि समोरच्या सरकारी शाळेला पोचायला चिखलाची पायवाट. आईबापांनी काय करावं? मग पट घसरतो, आणि पट घसरला म्हणून विलिनीकरणाची फाइल तयार होते. एक हात मुलं उचलून नेतो, दुसरा हात मुलं नाहीत म्हणून कुलूप लावतो, आणि दोन्ही हात एकाच खात्याचे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी वाड्यावाड्यावर मराठी शाळा काढल्या तेव्हा बहुतेकांच्या घरात वाचता येणारं माणूस नव्हतं. त्या शाळा बंद करताना निदान कुठली, कधी, आणि तिथली मुलं आता किती लांब चालतात एवढं तरी पटलावर यावं. बालरथाचे चालक आणि मदतनीस पगारासाठी संपावर जातात तेव्हा सगळे आमदार बोलतात, हे चांगलंच. पण पटाचा आणि बसचा हिशेब एका कागदावर मागितलेला मी अजून ऐकला नाही. सहावी ते आठवीला कोडिंग-रोबोटिक्स आलं त्याचं कौतुक झालं, तेही व्हावं. चौथीपर्यंत पोचलेला मुलगाच सहावीत जाणार ना?

एप्रिलातल्या शाळेवर मी जास्त लिहीत नाही. २०२५ मध्ये नव्या शैक्षणिक धोरणाच्या नावाखाली वरच्या वर्गांचं नवीन वर्ष एप्रिलात सुरू झालं, पालक कोर्टात गेले, सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे काजूच्या बिया गोळा करायच्या दिवसांत दप्तर, एवढंच म्हणतो.

समाजकल्याणाकडे वळतो, कारण हे घरचं दुखणं आहे. माझी आत्या विधवा, एकटी राहते. तिची पेन्शन एका महिन्यात अचानक थांबली. बँकेत गेलो, 'आम्हाला वरून आलंच नाही'. कार्यालयात गेलो, 'हयातीचा दाखला दिला नाही'. दिला होता, पोचपावतीचा कागद आत्याने तुळशीच्या फोटोमागे जपून ठेवला होता. तो दाखवल्यावर टेबलावरचा माणूस म्हणाला, "मग सिस्टीममध्ये चढला नसेल." पाच महिने. आत्या जिवंत समोर बसलेली, आणि आम्ही ती जिवंत आहे हे सिद्ध करतोय. कुठलं कार्यालय ते विचारू नका, माणूस वाईट नव्हता, त्याच्यासमोर गठ्ठा छातीएवढा होता.

पेन्शनची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना मनोहर पर्रीकर पहिल्यांदा मुख्यमंत्री असताना आली, गृह आधार २०१२ ला. ज्येष्ठांना महिन्याला २,००० रुपये, गृहिणींना १,५००. विधानसभेत यावर प्रश्न येतात, नाही असं नाही. लाभार्थी किती, थकबाकी किती, वाढ कधी. मंत्री लाभार्थ्यांचा मोठा आकडा सांगतात आणि बाकं वाजतात. माझ्या आत्यासारख्यांचा आकडा त्या आकड्यात लपलेला असतो. वर्षभरात किती जणांचे पैसे दाखल्यामुळे थांबले? त्यातले खरोखर मयत किती? जे जिवंत निघाले त्यांना मागचे महिने मिळाले का, की त्या महिन्यांवर पाणी? विरोधकांपैकी कुणी वाचत असेल तर हा प्रश्न फुकट घ्या, माझं नावही नको.

आता भाजपवाले मित्र म्हणतील, तू विरोधकांचा वकील झालास. अजिबात नाही. पर्रीकर विरोधी पक्षनेते होते तेव्हा मी कॉलेज सोडून विधानसभेच्या बातम्या वाचायचो. फाइल घेऊन उभे राहायचे, तारीख आणि पान नंबर सांगून विचारायचे. लोकलेखा समितीचे अध्यक्ष म्हणून २०११ मध्ये खाणींवरचा अहवाल त्यांनीच आणला. त्याच वर्षी काँग्रेसच्या दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं तेव्हा रस्त्यावर आणि सभागृहात दोन्हीकडे पर्रीकर पुढे. २०१२ मध्ये सत्तेत आले, आणि चालू असलेल्या इंग्रजी शाळांचं अनुदान तसंच राहिलं. गोव्यातले संघप्रमुख सुभाष वेलिंगकर सरांना पुढे संघाच्या पदावरून जावं लागलं ते याच वादात, २०१६ ला. मला यात कुणाला खोटं ठरवायचं नाही. शिक्षणाच्या माध्यमाबद्दल घरात आमचंही एकमत नाही. पण खुर्ची फिरली की प्रश्न विसरतो, हे गोव्याने दोन्ही बाजूंनी बघितलंय. आज बाकं वाजवणाऱ्यांतले कित्येक कालपर्यंत समोर बसून हेच विचारत होते. त्यांचे जुने प्रश्न विधानसभेच्या रेकॉर्डवर असतील. विरोधकांनी नवे शोधण्याऐवजी तेच बाहेर काढून जसेच्या तसे पुन्हा घातले तरी मजा येईल.

आणि अधिवेशनं लांबवा हो. मार्च २०२५ चं अर्थसंकल्पीय अधिवेशन तीन दिवसांचं होतं. आमच्या गावच्या जत्रेला त्याहून जास्त दिवस लागतात.

तर बाबांनी काल लग्नपत्रिकेच्या मागे तीन प्रश्न लिहून दिले. बाई बाहेर असताना शाळा कोण उघडतं, बालरथ आणि पट, आणि आत्याचे पाच महिने. अक्षर अजून मोत्यासारखं. म्हणाले, एक प्रत विरोधी आमदाराला आणि एक आपल्या आमदाराला दे, आपला सत्तेत असला तरी प्रश्न विचारायचा हक्क त्यालाही आहे. दोन्हीकडे फोन केला. दोन्हीकडच्या पीएंनी एकच सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. बाबांना ते पटलेलं नाही. सकाळपासून विचारतायत, त्यात सही कुठे करायची?