प्रशिक्षण झालं, कर्जाचं काय?

पल्व्हरायझरचं, म्हणजे हळद दळायच्या मशीनचं, तिसरं कोटेशन आणलंय. कोटेशनची मुदत 30 दिवस आणि आमची फाइल बँकेत चार महिने पडून. पुन्हा दुकानदाराकडे जा, वाढलेला दर लिहून आण, पुन्हा झेरॉक्स!

हळद शिजवून, वाळवून पोत्यांत भरून ठेवलीय. पावडर करून विकायची म्हणून प्रशिक्षण घेतलं, प्रमाणपत्रही मिळालं. सूक्ष्म अन्नप्रक्रियेची केंद्राची योजना 2020 मध्ये सुरू झाली. 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख. पण ते कर्जाला जोडलेलं. कर्जच नाही तर अनुदान कुठून येणार? मिळालं तरी तीन वर्षं ते बँकेतच अडकतं, हे प्रशिक्षणात कुणी धड सांगत नाही.

बँकेतले साहेब विचारतात, तारण काय देता? अहो, ठरावीक रकमेपर्यंतच्या सूक्ष्म उद्योगाच्या कर्जाला तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे! सातबारा सासऱ्यांच्या नावावर, त्यावर पीककर्जाचा बोजा. मी कुठून आणू तारण? नाही द्यायचं तर लेखी सांगा, कारणासकट. ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हटलं की माझं एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही बुडतात.

पावसाच्या आत मशीन आलं नाही तर ही पोती मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला घालावी लागणार.