‘आपलाच माणूस आहे’ एवढ्यावर मुले सोपवता येत नाहीत

विदर्भातील खेड्यांत मुलांसोबत आणि तरुणांसोबत काम करणाऱ्या संस्थांनी बालसुरक्षेचे लेखी धोरण करावे, असा विषय काढला की उत्तर ठरलेले असते: “आमच्याकडे सगळे घरचेच लोक आहेत, कागद कशाला?” गांधीजींचे सेवाग्राम, तुकडोजी महाराजांचा मोझरीचा गुरुकुंज, बाबा आमटेंची सोमनाथची श्रमशिबिरे यांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या कामाचा पाया विश्वासाचा आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु मुलांचे लैंगिक शोषण करणारी व्यक्ती बहुतांश प्रकरणांत ओळखीतलीच असते, आणि म्हणूनच ‘घरचा माणूस’ या शब्दांवर संस्थेची जबाबदारी संपत नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही ती संपत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा 2012 चा आहे आणि अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती त्याच्या लेखी बालक आहे. त्याखालील 2020 च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थेने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, तो कंत्राटी असला तरी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घ्यायची आहे. ‘आम्ही शाळा नाही, आम्ही फक्त रविवारी खेळ घेतो’ ही पळवाट तेथे उरत नाही. स्वयंसेवक पगारी नसतो म्हणून त्याला यातून वगळावे, असे म्हणणाऱ्यांशी माझे कधीच जमले नाही. मुलांजवळ सर्वांत जास्त वेळ तोच असतो.

खरी अडचण तक्रार आल्यावर सुरू होते. गावाचा पहिला कल ‘गावातच मिटवू’ असा असतो. सरपंच, पोलीस पाटील, तंटामुक्त समितीचे अध्यक्ष आणि संस्थेचे एखादे ज्येष्ठ भाऊ बसतात, मुलीच्या वडिलांना बदनामीची आणि पुढच्या सोयरिकीची भीती दाखवली जाते आणि संबंधित कार्यकर्त्याला दुसऱ्या तालुक्यात पाठवले जाते. शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद समितीत मिटू शकतो. हा गुन्हा तडजोडीने मिटवण्याची सोय कायद्यात नाही. पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे, किंवा घडण्याची शक्यता असल्याचे, ज्याला कळते त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि आपल्या हाताखालील माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तक्रार खरी की खोटी, हे ठरवण्याचा अधिकार संस्थेच्या अध्यक्षांना नाही, मग त्यांनी गावासाठी आयुष्य वेचलेले असो.

हे दिल्ली-मुंबईचे कायदेकानून आहेत, असे वाटणाऱ्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याचे प्रकरण आठवावे. तेथील एका वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे माहीत असूनही त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने ते कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा रद्द केला; नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे स्पष्ट केले.

धोरण म्हणजे मात्र केवळ गुन्ह्यानंतरची कारवाई नव्हे. शिबिर लांबते, शेवटची एसटी निघून जाते आणि एखादा दादा पंधरा वर्षांच्या मुलीला मोटारसायकलवर एकटीला घरी सोडतो. त्याच्या मनात काही नसेलही, पण असा प्रसंगच येऊ नये अशी कार्यक्रमाची वेळ ठरवणे हे संस्थेचे काम आहे. वेचणीच्या दिवसांत आईवडील दिवसभर वावरात असतात, तेव्हा घरभेटीला एकट्याने जाऊ नये. मुक्कामी शिबिरात महिला कार्यकर्ती नसेल तर मुलींचा मुक्काम ठेवू नये. सर्वांत नाजूक बाब तरुणांच्या संस्थांची आहे: आपले ताई-दादा एकोणीस-वीस वर्षांचे असतात, सहभागी मुले सोळा-सतराची, आणि रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू झालेले बोलणे दोघांनाही मैत्रीच वाटते. कायदा मात्र अठराव्या वर्षाची रेघ ओढून बसलेला आहे. स्वयंसेवकांना हे कामाच्या पहिल्याच दिवशी, संकोच न करता सांगायला हवे. देणगीदारांना पाठवायच्या फोटोखाली मुलांचे नाव आणि गाव लिहिण्याची सवयही याच चर्चेत मोडली पाहिजे.

याला खर्च येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसरा कार्यकर्ता म्हणजे दुसरे मानधन, आणि पडताळणीसाठी ठाण्यात हेलपाटे होतात. तेव्हा अहवालात लाभार्थींची संख्या मागणाऱ्या कंपन्यांनी आणि न्यासांनी या खर्चाची तरतूद अंदाजपत्रकात मान्य करावी, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

पालकांची भीतीही समजून घ्यावी लागते. तक्रार दिली की दारात पोलिसांची गाडी उभी राहील आणि लेकीला ठाण्यात बसवतील, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात कलम 24 नुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता नोंदवायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. आणि पोलिसांनी चोवीस तासांत मुलांच्या संरक्षणाचे काम पाहणाऱ्या बालकल्याण समितीला कळवायचे असते. ही माहिती पालकसभेत आधीच सांगून ठेवावी, 1098 हा क्रमांक शिबिराच्या भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहावा, आणि तक्रार ऐकणाऱ्या दोन व्यक्तींपैकी किमान एक संस्थेबाहेरची असावी. गावातली अंगणवाडी सेविका किंवा आशाताई त्यासाठी बहुतेक वेळा योग्य ठरते, कारण मुलांच्या आया तिच्याशी आधीपासूनच मोकळेपणाने बोलत असतात.