पॅकेजवर वाद घालायला बसण्यापूर्वी

सरकारने पैसा ओतला की अर्थव्यवस्था हलते का? मत देण्याची घाई नको. पैसा कुणाच्या खात्यात गेला ते आधी विचारा, मत आपोआप तयार होतं.

कंपन्यांकडे गेला असेल तर ते प्रोत्साहन. सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला. सरकारच्याच अंदाजाने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडलं. त्यातून कारखाने किती उभे राहिले, असं विचारायचं नसतं. गुंतवणुकीला वेळ लागतो. लाडक्या बहिणीच्या खात्यात मात्र दीड हजार पडले, की ती रेवडी. तिचा हिशोब पुढच्याच महिन्यात मागायचा.

हप्ता पडतो त्या दिवशी किराणा दुकानात मात्र जाऊ नका. तिथे वही उघडलेली असते. एक बाई मोबाईलवरचा मेसेज दाखवते, मागची नऊशेची उधारी खोडून घेते, उरलेल्यात तेलाच्या दोन पिशव्या आणि पोराला कंपासपेटी. झाली पंचाईत! केन्सवाले, म्हणजे सरकारी खर्चाने मागणी वाढते असं मानणारे अर्थतज्ज्ञ, म्हणणार, दुकानदार होलसेलवाल्याला देईल, तो टेम्पोवाल्याला, पैसा फिरला. समोरचे म्हणणार, जुनी उधारी फिटली, नवी मागणी कुठंय? दोघांचंही थोडं थोडं खरं निघतं, आणि सगळी संध्याकाळ नासते.

त्यापेक्षा मोठे आकडे बरे. मे २०२० मध्ये २० लाख कोटींचं पॅकेज आलं, तेव्हा निम्मा देश शून्यं मोजत होता. त्यात कर्जं किती, हमी किती, रिझर्व्ह बँकेने आधीच जाहीर केलेलं किती, असं विचारणारा नतद्रष्ट समजावा. गाडी रुळावर आली तर पॅकेजमुळे. नाही आली तर पॅकेज तोकडं होतं. तुम्ही विरोधी बाजूचे असाल तर रुळावर ती आपोआपच येणार होती.

आणि हो, 'आमच्या टॅक्सचे पैसे' असं ओरडताना खिशात पगाराची स्लिप नको. तिच्यावर 'पीटी' असते: दरमहा २००, फेब्रुवारीत ३००. हा व्यवसाय कर महाराष्ट्राने १९७५ साली बसवला, तो रोजगार हमीसाठी. म्हणजे दुष्काळात खडी फोडणाऱ्याच्या मजुरीला हातभार तुमच्यासारख्या पगारदारांनीच लावला, पाझर तलाव खणले गेले, आणि तुम्हाला पत्ताही नाही. कुणी ती स्लिप पुढे केलीच, तर 'ते वेगळं' म्हणा आणि चहाचं बिल कोण देणार यावर घसरा.