अहो आई, अगं आई आणि लाल गोळी

मला दोन आया आहेत. एक 'अगं आई', चिपळूणला. दुसऱ्या 'अहो आई', इथे साताऱ्यात, माझ्या ताटापासून हातभर अंतरावर.

गरोदरपणाचे पहिले तीन महिने दोघींनाही माझ्यावर काही करता आलं नाही. फोडणीत जिरं तडतडलं की मी बेसिनवर. साळीच्या लाह्या आणि आवळासुपारी यांवर मी बँकेत जाऊन येत होते. चौथा लागला, उलट्या थांबल्या आणि सल्ले सुरू झाले.

"दोन जिवांची आहेस, दोघांचं जेव," अहो आई म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, रोजच्यापेक्षा साधारण 350 कॅलरी जास्त. म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि लहान पेलाभर दूध, संपलं. दुसरा जीव अजून लिंबाएवढाही नव्हता, त्याच्या वाटणीच्या तीन पोळ्या कोण खाणार होतं? अहो आईंनी हे ऐकून घेतलं आणि रिक्षात बसल्यावर निकाल दिला, "त्या स्वतः काडी आहेत ना, म्हणून."

मग उष्ण पदार्थ. अहो आईंच्या यादीत पपई, तीळ, बाजरी आणि वांगं. अगं आईच्या यादीत पपई, अननस, फणस आणि कुळीथ. (डॉक्टरीणबाईंच्या यादीत फक्त कच्ची पपई, पण त्यांना विचारतंय कोण?) दोन्ही याद्या एकत्र केल्यावर अजिबात उष्ण नसलेला एकच पदार्थ शिल्लक राहिला, बर्फ. आणि त्याने म्हणे बाळाला सर्दी होते.

संध्याकाळी केशरदूध. बाळ गोरं व्हावं म्हणून. माझा आणि ह्यांचा रंग पाहता त्या केशराला फारच ओव्हरटाइम करावा लागणार आहे. तरी मी गुपचूप पीत होते, कारण दूध चांगलं असतं. तेवढ्यात रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन 9.8. निदान 11 तरी हवं. आणि माझ्या आयुष्यात लोहाची लाल गोळी आली. एक नाही, रोज दोन.

गोळी गिळायला काहीच नाही हो. पण ती एकटी राहते. तिला दूध चालत नाही, कॅल्शियमची गोळी चालत नाही, आणि चहा तर मुळीच नाही. चहातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही म्हणे. चालतं फक्त लिंबूपाणी. गोळीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा बंद. कॅल्शियमच्याही रोज दोन, त्या जेवणाबरोबर. मी बँकेत अकरा वर्षं टॅली लावलीय, पण हा हिशेब काही जुळेना. साडेसहाचा चहा घ्यावा, तर गोळी साडेसातच्या पुढे. म्हणजे नाचणीचं दुधातलं सत्त्व त्यानंतर दोन तासांनी, साडेनऊला, आणि साडेनऊला मी कास पठाराकडे निघालेल्या पर्यटकांच्या गर्दीत अडकलेली. चारला शाखेतला चहा, म्हणून दुसरी गोळी पाचला. आणि बरोब्बर पाचला दारात अहो आई, हातात केशरदूध.

"मग चहाच सोड ना," हे म्हणाले. बशीत ओतलेला चहा फुंकत.

सहाव्या महिन्यात साखरेची तपासणी. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाच-दहा मिनिटांत संपवायचं आणि दोन तास बसून राहायचं. सोबतीला अहो आई. ते पाणी म्हणजे लग्नातलं सरबत, फक्त लग्न नाही. "उलटून पडलं तर पुन्हा यावं लागेल," लॅबमधली मुलगी गोड हसून म्हणाली. मी ओठ घट्ट मिटून भिंतीवरचं घड्याळ बघत बसले. अहो आईंना मात्र बसवेना. शेवटी वेळ घालवायला म्हणून मी त्यांनाही रक्त द्यायला लावलं. "मला काय धाड भरलीय?" असं म्हणत त्यांनी बाही वर केली.

माझी साखर उत्तम आली. हिमोग्लोबिन 10.6. अहो आईंचं 8.4.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जेवता कधी? अहो आईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आमच्याकडे त्या सगळ्यांच्या शेवटी जेवतात, ओट्याशी उभ्यानं. कढईत भाकरीचा तुकडा फिरवून भाजी पुसून घ्यायची, ती कढई कलंडली की जेवण झालं. आणि ताट उचलायच्या आत चहा. दिवसातून पाच वेळा. मला पालक लोखंडी कढईत करून घालणाऱ्या बाईच्या वाट्याला बहुतेक कढईच येत होती, पालक नव्हे. कारण शोधायला आणखी दोन तपासण्या लिहून दिल्या आणि खाली, ओळखीच्या अक्षरात, लाल गोळी.

"गरोदर बायकांची असते ती," अहो आई पुटपुटल्या.

"नाही हो आजी, सगळ्या बायकांची असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. देशात 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 57 बायकांचं रक्त कमी आहे, सरकारी पाहणीतच आहे. आजी या हाकेमुळे अहो आईंनी पुढचं काही ऐकलं नसावं.

काल संध्याकाळी पाचला ओट्यावर दोन पेले लिंबूपाणी, दोन लाल गोळ्या. केशरदूध नाही. आम्ही दोघींनी एकदमच डोकी मागे टाकून गिळल्या. मग दोघी खुर्च्यांवर बसलो. आतून ह्यांच्या चहाचा, आलं घातलेल्या, वास आला.

"सहा वाजायला किती गं?"

"सत्तावन्न मिनिटं, अहो आई."

तेवढ्यात चिपळूणचा फोन. स्पीकरवरच होता. "काय गं, झाला का चहा?"

अहो आईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "विहीणबाई," त्या म्हणाल्या, "दुसरं काहीतरी बोला."